हडसन खोऱ्यातल्या छोट्या हंगामी रेस्टॉरंटमध्ये आई-वडिलांना जेवायला नेताना

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. आपण न्यू जर्सीत एडिसनला राहता, ऑक्टोबरमध्ये पुण्याहून आपले आई-वडील येत आहेत, त्यांच्या लग्नाला पंचेचाळीस वर्षे पूर्ण होत आहेत आणि त्या निमित्ताने पानगळीचे रंग पाहून झाल्यावर न्यूयॉर्क राज्यातील हडसन नदीच्या खोऱ्यातील एखाद्या लहानशा, ऊबदार रेस्टॉरंटमध्ये चौघांनी जेवावे असे आपल्या मनात आहे. आई अंडेही न खाणाऱ्या शाकाहारी आहेत, वडील महिन्यातून दोन-चार वेळा व्हिस्की-सोडा घेतात, मेनू दर आठवड्याला बदलतो आणि कॉकटेलच्या यादीतील निम्मे शब्द अनोळखी आहेत. तेव्हा कोणती जागा निवडावी, काय मागवावे, माणशी शंभर डॉलर पुरतील का आणि वडिलांना पेय आवडले नाही तर ते परत करता येते का, असे आपण विचारले आहे.

मी याच खोऱ्यात सोळा वर्षे दोन लहान रेस्टॉरंटांत काम केले. पहिली सात वर्षे बारमागे आणि नंतर फ्लोअर मॅनेजर, म्हणजे जेवणाच्या दालनाची व्यवस्था पाहणारी, म्हणून. त्या अनुभवावरून सांगते की जागा कोणती हा आपला खरा प्रश्न नाही. किंग्स्टन, ऱ्हाइनबेक, हडसन किंवा बीकन, या कोणत्याही गावात चांगली जागा सापडेल. खरा प्रश्न असा आहे की ज्या किचनमध्ये रोज मोजकेच पदार्थ आणि तेही मोजक्याच संख्येने तयार होतात, त्या किचनला आपल्या आईंसाठी पूर्ण जेवण करण्याइतका अवधी आपण देणार आहोत की नाही.

आपल्याकडच्या हॉटेलात ग्रेव्ही तयार असतात, भाज्या चिरलेल्या असतात आणि ‘कांदा-लसूण नको’ म्हटले की पाच मिनिटांत वेगळी भाजी येते. हंगामी अमेरिकन रेस्टॉरंटची, म्हणजे हंगामात पिकेल त्याप्रमाणे मेनू बदलणाऱ्या जागेची, रचना याच्या अगदी उलट असते. कॅलिफोर्नियातील बर्कलीत १९७१ साली ॲलिस वॉटर्स यांनी शे पानीस हे रेस्टॉरंट सुरू केले, तेव्हापासून या देशात ही पद्धत रुजत गेली की आधी शेतातून काय आले ते पाहायचे आणि मग मेनू लिहायचा. आमच्या भागात २००४ साली पोकँटिको हिल्स येथे शेतीच्याच आवारात ब्लू हिल ॲट स्टोन बार्न्स हे रेस्टॉरंट उभे राहिले आणि त्यानंतर खोऱ्यातील लहान जागांनीही ही शिस्त आपापल्या ऐपतीप्रमाणे उचलली. मी जिथे शेवटी काम केले तिथे छत्तीस खुर्च्या होत्या, शीतगृह एका लहान न्हाणीघराएवढे होते आणि शनिवारच्या रात्रीसाठी भोपळ्याच्या पदार्थाच्या दहा, बदकाच्या बारा आणि मशरूमच्या आठ थाळ्यांचीच तयारी असे. आठवी मशरूमची थाळी गेली की तो पदार्थ ‘एटी-सिक्स’ झाला असे किचनमधून ओरडून सांगितले जाई आणि मग कोणी कितीही विनंती केली तरी उपयोग नसे. अशा किचनमध्ये टेबलावर बसल्यावर ‘अंडे चालत नाही’ असे सांगितले, तर शेफ तयार थाळीतून काहीतरी काढून टाकतो आणि उरलेले पाठवतो. हेच तीन दिवस आधी कळले, तर तो एक पदार्थ मुद्दाम करतो. संकेतस्थळावर दिसणारा मेनू बहुधा मागच्या आठवड्याचा असतो, म्हणून तो पाहून आधीच बेत ठरवण्यातही फारसा अर्थ नाही.

आता शाकाहाराविषयी जरा सविस्तर लिहिते, कारण आपली खरी अडचण तिथेच आहे. अमेरिकेत ‘व्हेजिटेरियन’ या शब्दात अंडे गृहीत असते आणि लहान जागांचा शाकाहारी मुख्य पदार्थ बहुतेक वेळा हाताने केलेला पास्ता असतो, ज्याच्या पिठात अंड्याचे बलक असतात. ञोकीतही, म्हणजे बटाट्याच्या उकडलेल्या छोट्या गोळ्यांतही, बऱ्याचदा अंडे घालतात. रिझोटो हा इटालियन मऊ भात चिकनच्या स्टॉकमध्ये, म्हणजे हाडे उकळून काढलेल्या पाण्यात, शिजवण्याची पद्धत सर्रास आहे. ब्रसेल्स स्प्राउट्स, म्हणजे त्या बोराएवढ्या कोबी, ऑक्टोबरच्या प्रत्येक मेनूवर असतात आणि त्यांत बेकन, म्हणजे डुकराचे खारवलेले मांस, असण्याची शक्यता मोठी असते. सीझर सॅलडच्या ड्रेसिंगमध्ये अँकोव्ही ही मासळी असते, पाना कोट्टा हा सायीचा गोड पदार्थ प्राण्यांच्या हाडा-कातडीपासून काढलेल्या जिलेटिनने घट्ट केलेला असतो आणि अस्सल इटालियन पार्मेझान चीज वासराच्या जठरातील रेनेट, म्हणजे दूध गोठवणारे द्रव्य, वापरून केलेले असते. यांपैकी काय चालते आणि काय नाही, हे घराघरांवर अवलंबून असते. माझ्या ओळखीतील अनेक शाकाहारी मंडळी चीजच्या बाबतीत इतक्या खोलात जात नाहीत, पण आपल्या आईंच्या वतीने हा निर्णय आपण परस्पर घेऊ नये. त्यांना आधी विचारावे.

या बाबतीत माझ्या हातून घडलेली एक चूक सांगते. फ्लोअरवर आल्यानंतरच्या पहिल्याच ऑक्टोबरमध्ये ठाण्याचे एक वयस्क जोडपे मुलीबरोबर जेवायला आले होते. मी मराठी आहे हे कळल्यावर काकूंना मोठाच धीर आला आणि त्यांनी मेनू मिटून माझ्याकडे दिला व ‘तूच सांग’ असे म्हणाल्या. बटरनट स्क्वॉशचे, म्हणजे एका भोपळ्याचे, सूप त्या दिवशी मी स्वतः चाखले होते, मेनूवर त्यात मांसाचा उल्लेख नव्हता, म्हणून मी ते निर्धास्तपणे सुचवले. अर्धी वाटी संपली असेल, तेव्हा काही कामासाठी मी किचनमध्ये गेले आणि मागच्या शेगडीवर कोंबडीच्या हाडांचे मोठे पातेले गाळले जाताना पाहिले. सूप त्याच स्टॉकमध्ये झाले होते. परत येऊन मी त्यांना खरे ते सांगितले. काकूंनी चमचा वाटीच्या कडेला ठेवला, काही बोलल्या नाहीत, पाणी मागितले आणि त्यानंतर फक्त ब्रेड खाल्ला. पैसे आम्ही घेतले नाहीत, परंतु पैशांनी भरून येणारी ती गोष्ट नव्हती. त्या दिवसापासून कोणत्याही पदार्थाविषयी ‘बहुतेक शाकाहारी आहे’ हे उत्तर मी बंद केले. आपणही सर्व्हरकडून, म्हणजे वाढणाऱ्याकडून, ‘आय थिंक सो’ असे उत्तर आले, तर त्याला हसतमुखाने किचनमध्ये विचारून यायला सांगावे. त्यात कोणालाही अपमान वाटत नाही.

म्हणून टेबल ऑनलाइन राखून झाले, तरी बुधवारी किंवा गुरुवारी दुपारी दोन ते चारच्या दरम्यान रेस्टॉरंटला फोन करावा. त्या वेळी माणसे हजर असतात आणि गर्दी नसते. संध्याकाळी सहानंतर केलेला फोन उचलणाऱ्याचे अर्धे लक्ष दाराकडे असते. फोनवर ‘व्हेजिटेरियन’ हा शब्द न वापरता, अंडे, मांस, मासे, मांसाचा स्टॉक आणि जिलेटिन चालत नाही, परंतु दूध, लोणी आणि चीज चालते, असे एका दमात सांगावे. चालणाऱ्या गोष्टी सांगणे तितकेच महत्त्वाचे आहे, कारण त्या सांगितल्या नाहीत तर किचन घाबरून दूध-लोणीही नसलेली वीगन थाळी करते आणि आईंच्या पुढे भाजलेली फुलकोबी व तेलात परतलेली पाने येतात. लोणी आणि चीज मोकळे झाले, की मक्याच्या भरड पिठाचा मऊ पोलेंटा, त्यावर परतलेली मायटाकी मशरूम आणि सालासकट भाजलेला डेलिकाटा स्क्वॉश हा लहान भोपळा अशी भरपेट थाळी कोणताही शेफ आनंदाने करतो. डेलिकाटाची साल पातळ असते आणि ती खायची असते, हे आईंना आधी सांगून ठेवावे, नाहीतर त्या ती काढत बसतील. मशरूम त्यांना चालत नसतील, तर तेही फोनवरच सांगावे.

हा फोन आणखी एका कारणासाठी करावा. उत्तर देणारी व्यक्ती ‘थांबा, शेफला विचारते’ असे म्हणाली, तर आपण योग्य जागा निवडली आहे. ‘हो हो, आमच्याकडे शाकाहारीसाठी बरेच काही आहे’ असे घाईचे उत्तर आले, तर मी दुसरी जागा पाहीन.

तारखेविषयी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. ऑक्टोबरचा दुसरा सोमवार सुट्टीचा असतो आणि त्याच सुमारास रंग भरात असल्यामुळे तो शनिवार-रविवार आमच्याकडे वर्षातील सर्वांत गजबजलेला असतो. तो टाळून गुरुवार किंवा रविवार संध्याकाळ घेतली, तर तेच किचन आपल्याला दुप्पट वेळ देऊ शकते. सोमवारी आणि मंगळवारी बऱ्याच जागा बंद असतात. आणि नवरात्र, संकष्टी, एकादशी हे आपले आपण कालनिर्णयात पाहून घ्यावे. एका कुटुंबाने सहा आठवडे आधी टेबल राखले होते आणि त्या दिवशी आईंचा उपवास निघाला. त्यांनी जेवण संपेपर्यंत गरम पाणी आणि लिंबू घेतले.

टेबल मागताना साडेपाच किंवा पावणेसहाची वेळ घ्यावी. ज्येष्ठांना ती सोयीची असते आणि किचनही तेव्हा ताजेतवाने असते. मात्र अशा जागेत चौघांच्या टेबलाला साधारण दोन तास धरलेले असतात आणि आठ वाजता तिथे दुसरे कोणी बसणार असते, हे गृहीत धरावे. ‘उंच स्टूल नको, अंगणातले टेबल नको, दारापासून दूर हवे’ या तीन गोष्टी आधी सांगाव्यात. अंगणात हीटर असले तरी ऑक्टोबरच्या रात्री पाय गारठतात. आतला प्रकाश मुद्दाम मंद ठेवलेला असतो, त्यामुळे वडिलांना मेनू वाचता आला नाही तर मोबाइलची बॅटरी खुशाल लावावी. आम्ही ते रोज पाहतो.

आता कॉकटेलकडे वळते. ‘कॉकटेल’ या शब्दाची छापील व्याख्या पहिल्यांदा याच खोऱ्यात, हडसन गावात निघणाऱ्या वर्तमानपत्रात मे १८०६ मध्ये प्रसिद्ध झाली, आणि तीही एका वाचकाने हा शब्द म्हणजे काय असे विचारल्यामुळे. संपादकाने उत्तर दिले की कोणतेही मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स यांचे मिश्रण म्हणजे कॉकटेल. बिटर्स म्हणजे मुळे, साली आणि मसाले मद्यात मुरवून केलेला कडू अर्क, जो थेंबांनीच वापरतात. ही दोनशे वर्षांपूर्वीची व्याख्या आजच्या मेनूवर ‘ओल्ड फॅशन्ड’ या नावाने जवळपास जशीच्या तशी उभी आहे. १९२० ते १९३३ या दारूबंदीच्या काळात ही कला मोडीत निघाली, नंतर बरीच दशके तयार पाक आणि बाटलीतले रस यांवर काम चालले, आणि न्यूयॉर्कमध्ये १९९९ च्या अखेरीस साशा पेट्रास्के यांनी मिल्क अँड हनी हा लहानसा बार उघडल्यानंतर ताजा रस, अचूक माप आणि चांगला बर्फ यांचा आग्रह पुन्हा सर्वत्र पसरला. त्या बारमध्ये मेनूच नव्हता. पाहुण्याला काय आवडते ते विचारून पेय तयार होई. आपल्याला यादी कळत नसेल, तर हाच मार्ग आजही मोकळा आहे. आंबट हवे की कडवट, हलके हवे की जड, आणि मूळ मद्य कोणते, एवढे तीन शब्द बारटेंडरला पुरतात.

वडिलांच्या बाबतीत मात्र मापाचा फरक समजून घ्यावा. आपल्याकडे लहान पेग तीस मिलीलीटरचा असतो आणि तो सोड्याने भरलेल्या ग्लासात जातो. आमच्याकडे ओल्ड फॅशन्डमध्ये दोन औंस, म्हणजे जवळपास साठ मिलीलीटर बर्बन (मुख्यतः मक्याची) किंवा राय (मुख्यतः राय या धान्याची) व्हिस्की असते, तिची तीव्रता बऱ्याचदा पंचेचाळीस ते पन्नास टक्के असते आणि सोडा अजिबात नसतो. अमेरिकेत एक प्रमाणित पेय म्हणजे चौदा ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असे मोजतात. त्या हिशेबाने हा एक ग्लास दीड ते पावणेदोन पेयांएवढा होतो. ग्लासात एकच मोठा चौकोनी बर्फ असतो, तो पाहून ज्येष्ठ मंडळी ‘बाकीचा बर्फ कुठे आहे’ असे हमखास विचारतात. मोठ्या तुकड्याचा पृष्ठभाग आकारमानाच्या मानाने कमी असतो, त्यामुळे तो सावकाश वितळतो आणि पेय गार राहूनही पटकन पातळ होत नाही. शेवटी संत्र्याच्या सालीची पट्टी ग्लासावर धरून चिमटतात. सालीतले तेल उडून पेयावर बारीक तवंग येतो आणि पहिला घोट घेण्याआधी वास येतो तो त्याचाच.

असे असले तरी वडिलांना मी थेट ओल्ड फॅशन्ड देणार नाही. त्यांच्या सवयीच्या जवळचे पेय म्हणजे राय व्हिस्कीचा हायबॉल, जो त्यांच्या व्हिस्की-सोड्याचाच नीटनेटका भाऊ आहे. आणि प्रसंग साजरा करायचा असेल, तर त्यांना जॅक रोझ सुचवावे. यात सफरचंदापासून केलेले ॲपलजॅक हे मद्य, लिंबाचा रस आणि डाळिंबाचा पाक असतो, रंग गुलाबीसर येतो आणि चव आंबट-गोड असते. ॲपलजॅक ही तर आपल्या न्यू जर्सीची खासियत आहे; तिथल्या लेअर्ड कंपनीचा व्यवसाय १७८० पासूनचा आहे. सफरचंदाच्या हंगामात, सफरचंदाच्या प्रदेशात ते पेय शोभूनही दिसते.

शाकाहाराचा प्रश्न ग्लासातही येतो, हे पुष्कळांना ठाऊक नसते. ‘सावर’ प्रकारच्या, म्हणजे लिंबाच्या रसाने आंबट केलेल्या, पेयांवरचा पांढरा फेस बहुधा अंड्याच्या पांढऱ्याचा असतो. टोमॅटोच्या रसाच्या ब्लडी मेरी या कॉकटेलमध्ये वूस्टरशर सॉसमधून अँकोव्ही येते. व्हिस्कीत बेकनची चरबी मिसळून, गोठवून आणि गाळून तिची चव उतरवण्याचे तंत्रही न्यूयॉर्कच्या बारमध्ये रूढ झाले आहे, आणि मेनूवर त्यासाठी ‘फॅट-वॉश्ड’ असा एवढासा शब्द असतो.

आईंसाठी ‘श्रब’ मागवावे. फळ, साखर आणि व्हिनेगर यांचे ते मुरवलेले आंबट-गोड सार असते आणि सोडा घालून देतात. कोकम सरबत आवडणाऱ्या माणसाला ते पहिल्या घोटातच ओळखीचे वाटते. ताज्या सफरचंदाचा ‘सायडर’ही चांगला, कारण इथे नुसते ‘सायडर’ म्हटले की न गाळलेला, मद्यविरहित रस मिळतो. मद्य असलेल्याला ‘हार्ड सायडर’ म्हणतात. फक्त बिटर्स घालू नयेत असे स्पष्ट सांगावे, कारण अंगोस्तुरा बिटर्समध्ये जवळपास पंचेचाळीस टक्के अल्कोहोल असते आणि बरेच बारटेंडर मद्यविरहित पेयातही सवयीने दोन थेंब टाकतात.

गोडात आईंनी ॲपल क्रिस्प घ्यावे. त्याच्या वरचा थर ओट्स, लोणी आणि साखरेचा असतो, त्यात सहसा अंडे नसते. त्याबरोबर येणारे आइसक्रीम मात्र बहुधा बलकाच्या कस्टर्डचे असते, तेव्हा त्याऐवजी फेटलेली साय मागावी.

आता खर्च. माझ्या भागात सध्या कॉकटेल सोळा डॉलरच्या आसपास, सुरुवातीचे पदार्थ अठराच्या आसपास, मुख्य पदार्थ सरासरी चौतीस आणि गोड पदार्थ तेरा डॉलर असे धरावे. तीन कॉकटेल, एक श्रब दहा डॉलरचे, वाटून खायला तीन सुरुवातीचे पदार्थ, चार मुख्य आणि दोन गोड पदार्थ मिळून २७४ डॉलर होतात. त्यावर सुमारे आठ टक्के विक्रीकर आणि करापूर्वीच्या रकमेवर वीस टक्के टिप धरली, तर एकूण ३५१ डॉलर, म्हणजे माणशी ८८ पडतात. गाडी चालवणारा सोडून उरलेल्या दोघांनी दुसरे कॉकटेल घेतले तरी बिल ४०० च्या आत राहते. टिप ही इथे बक्षिसी नसून पगाराचा भाग आहे; टिप मिळणाऱ्या कामगारांसाठी केंद्रीय किमान वेतन १९९१ पासून ताशी २.१३ डॉलरच आहे, न्यूयॉर्क राज्यात ते त्याहून बरेच जास्त असले तरी घरभाडे टिपेवरच निघते. बिलात ‘सर्व्हिस चार्ज’ आधीच धरला आहे का, एवढे पाहून घ्यावे.

वडिलांचा पासपोर्ट बरोबर असू द्यावा. महाराष्ट्रात कायद्याने मद्यपानाचा परवाना लागतो आणि तो कोणी विचारत नाही. इथे परवाना लागत नाही, पण केस पांढरे असूनही ओळखपत्र मागणाऱ्या जागा आहेत. गाडी चालवणाऱ्याने एकच पेय, तेही जेवणाच्या सुरुवातीला घ्यावे. न्यूयॉर्कमध्ये रक्तातील अल्कोहोल ०.०८ टक्के झाले की गुन्हा आहेच, परंतु ०.०५ पासूनही कारवाई होऊ शकते. एडिसनपर्यंतचा दीड-दोन तासांचा रस्ता लक्षात घेता मी तर त्या भागातच मुक्काम करीन.

पेय परत करता येते का, या प्रश्नाचे उत्तर होय असे आहे. दोन घोटांनंतर ‘फार कडक आहे’ किंवा ‘फार गोड आहे’ असे सांगितले, तर बारटेंडर ते दुरुस्त करतो किंवा दुसरे देतो; अर्धा ग्लास उरलेले पेय परत पाठवणे मात्र बरे दिसत नाही. अडचण अशी असते की आपले वडील स्वतः सांगत नाहीत. सोळा डॉलरचे रुपये त्यांनी मनातल्या मनात करून ठेवलेले असतात आणि त्या आकड्यासाठी ते न आवडलेले पेयही घोट-घोट संपवतात. तेव्हा त्यांच्या ग्लासकडे लक्ष असू द्यावे आणि पहिल्या दहा मिनिटांत पातळी जागची हलली नाही, तर सर्व्हरला आपणच बोलवावे.